वाचणारे रिकामटेकडे नसतात: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूर.

स. न. वि. वि.

मी आपल्या वाचनालयाचा १९८४ सालापासूनचा सभासद आहे. देवघेव विभागाच्या खिडकीशेजारी लावलेली सूचना मी तीन वेळा वाचली आणि त्यानंतर आठ दिवस थांबलो, कारण रागाच्या भरात काही लिहू नये असे मला वाटत होते. आठ दिवसांनंतरही मन थाऱ्यावर आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते आपल्याकडे टपालाने पाठवले आहेच. पण ज्या निर्णयाची झळ शेकडो सभासदांना लागणार आहे, त्याविषयीचे म्हणणे त्या सर्वांसमोर असावे, म्हणून ते जाहीरही करीत आहे. वाचनालयाचे किंवा कोणाही व्यक्तीचे नाव मी यात मुद्दाम घातलेले नाही. मला कोणाची बेअब्रू करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

सूचनेत तीन गोष्टी आहेत. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तळमजल्यावरचा मुक्त वाचनकक्ष बंद होऊन तेथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी मासिक शुल्काची अभ्यासिका सुरू होईल. पुस्तकांची देवघेव सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतच होईल. आणि गेल्या पाच वर्षांत कोणी नेलेली नाहीत अशी कथा, कादंबरी, कविता व अन्य ललित पुस्तके संग्रहातून बाद केली जातील. याविषयी बोलावे म्हणून आम्ही सात-आठ सभासद आपल्याला भेटायला आलो, तेव्हा मंडळातील एका जबाबदार सदस्यांनी आम्हाला उत्तर दिले, "आता वाचतंय कोण? येतात ते सगळे रिकामटेकडे. पंख्याखाली बसायला येतात."

निर्णय चुकीचा असेल तर तो बदलता येतो. पण हे वाक्य त्या निर्णयाच्या मुळाशी आहे, आणि म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

मी शिवाजी उद्यमनगरात लेथ मशीनवर काम करतो. यंदा त्याला एकतीस वर्षे झाली. सकाळी साडेआठला यंत्र सुरू होते आणि संध्याकाळी सहाला थांबते. सुटी झाल्यावर मी लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात घासतो, कारण कास्टिंगची काळी भुकटी आणि तेल साध्या पाण्याने जात नाही. मग डब्याच्या पिशवीतले, वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेले पुस्तक बाहेर काढतो आणि वाचनालयाच्या रस्त्याला लागतो. इतके घासूनही नखांच्या कडांना काळे राहतेच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कादंबरीच्या पानावर माझ्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा उमटला होता आणि ती परत करताना मी तेव्हाच्या ग्रंथपाल बाईंची क्षमा मागितली होती. त्यांनी तो ठसा पाहिला आणि म्हणाल्या, "हे पुस्तक वापरल्याची खूण आहे, फाडल्याची नाही. पुढच्या वेळी तपकिरी कागद घालत जा." ग्रंथालयशास्त्राचे पंचसूत्र मांडणाऱ्या डॉ. रंगनाथन यांचे पहिले सूत्रच पुस्तके वापरासाठी असतात असे सांगते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. बाईंनी ते मला त्या दिवशी खिडकीपाशीच शिकवले होते.

पेठेत वाढलेल्या मुलाने तालमीत जावे, माती अंगाला लावावी किंवा निदान पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळावा, अशी आमच्या लहानपणी रीत होती. तालमीचा आणि मैदानाचा मलाही अभिमान आहे. परंतु गल्लीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाकडे पाहण्याची आपल्याकडची नजर मी चाळीस वर्षे अनुभवतो आहे. "पुस्तकातला किडा", "एकलकोंडा", "लई शाणा" हे शब्द मला तोंडपाठ आहेत. माझे लग्न ठरत होते तेव्हा मुलीकडच्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्या काकांना बाजूला घेऊन विचारले होते, "पोरगा फार वाचतो म्हणे, डोक्यावर काही परिणाम नाही ना?" त्यांनी ते काळजीपोटी विचारले. फार वाचले की डोके फिरते, ही समजूत त्यांनी कोठून तरी ऐकली होती आणि ती खरी मानली होती. पण आपण ज्यावर मनापासून प्रेम करतो ती गोष्ट इतरांना आजाराचे लक्षण वाटते, हे वयाच्या चोविसाव्या वर्षी ऐकणे सोपे नसते.

कारखान्यात माझे नाव "मास्तर" पडले. सुरुवातीला ते चिडवण्यासाठी होते. जेवणाच्या सुटीत पत्त्यांचा डाव मांडला जाई आणि मी कोपऱ्यात वाचत बसे, तेव्हा "मास्तर, पेपर कवा हाय?" असे कोणी ना कोणी विचारी. हळूहळू त्याच मंडळींचे कागद माझ्याकडे येऊ लागले. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, जमिनीच्या वाटणीची नोटीस, मुलाच्या शाळेतून आलेले पत्र, दवाखान्याचा अहवाल. एका सहकाऱ्याने आईच्या शस्त्रक्रियेचे संमतीपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मगच त्यावर अंगठा उठवला. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. फक्त लांबलचक मजकुराला न घाबरता शेवटपर्यंत जाण्याची सवय मला आहे आणि ती मला आपल्या वाचनकक्षातल्या बाकावर लागली.

शाळेत आमच्या कानांवर एक शब्द सतत पडे: अवांतर वाचन. पाठ्यपुस्तक म्हणजे वाचन आणि बाकीचे सारे अवांतर, म्हणजे मुद्द्याबाहेरचे, उरल्या वेळातले. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यात दडलेला निवाडा आपल्या लक्षात येत नाही. परीक्षेसाठी वाचणारा मुलगा अभ्यासू आणि आवडीने वाचणारा माणूस रिकामा, असा हा निवाडा आहे. वाचणे तेच, डोळे तेच, बसण्याची चिकाटीही तीच. पण एकाच्या वाचनाच्या शेवटी नोकरी असते आणि दुसऱ्याच्या शेवटी काही दिसत नाही, म्हणून पहिल्याला खुर्ची आणि दुसऱ्याला बाहेरचा रस्ता. माझ्या मते आपल्या सूचनेतली तिन्ही कलमे याच निवाड्यातून निघाली आहेत.

आता पंख्याखाली बसायला कोण येते, ते सांगतो, कारण आपल्यापैकी किती जण संध्याकाळी सात वाजता त्या कक्षात अर्धा तास बसले असतील, याविषयी मला शंका आहे. दाराजवळच्या बाकावर एक निवृत्त एस. टी. वाहक परवापरवापर्यंत बसत. नोकरीत असताना मुक्कामी गाडीच्या रात्री त्यांनी आगारातल्या दिव्याखाली वाचून काढल्या आणि आता ते दिवाळी अंकांचे जुने बांधीव खंड वर्षवारीने वाचत आहेत. मासिकांच्या टेबलाशी एक परिचारिका येतात, दिवसपाळी संपवून, पायांतली वेदना चेहऱ्यावर दिसत असते. एक ताई भाजी आणायला म्हणून घराबाहेर पडतात आणि वीस मिनिटे येथे थांबून पुस्तक बदलून नेतात. ते पुस्तक पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवतात, कारण "संसार सोडून वाचत बसते" हे त्यांना रोज ऐकावे लागते. दिवसभरात कोणालाही जाब न देता घराबाहेर राहण्याची तेवढीच वीस मिनिटे त्यांच्याकडे आहेत. आणि मी आहे. वाहक सोडले तर आमच्यापैकी कोणालाही दुपारी चारच्या आत येता येणार नाही. वाहक येऊ शकतील, पण त्यांना बसायला जागा राहणार नाही.

ऑगस्ट २०१९ मधल्या महापुराची आठवण आपल्याला करून देणे मला आवश्यक वाटते. पंचगंगेचे पाणी आपल्या रस्त्याच्या तोंडाशी आले, त्या रात्री खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके वर नेण्यासाठी जिन्यावर रांग लावली होती. रांगेत तालमीची मुले होती, त्यांचे उपकार मी विसरणार नाही; आणि बाकी सारे वाचक होते, हेच रोज संध्याकाळी येणारे. तरीही बरेच भिजले. पाणी ओसरल्यावर आम्ही सर्वांत आधी दाखल नोंदवही शोधली, कारण ती गेली असती तर आपल्याकडे काय होते हेच कोणाला सांगता आले नसते. भिजलेल्या पुस्तकाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणून दर वीस-पंचवीस पानांमागे कोरड्या वर्तमानपत्राचा कागद सरकवायचा, तो ओला झाला की बदलायचा, पुन्हा घालायचा. गुळगुळीत कागदाची पुस्तके आधी घ्यायची, कारण त्यांची पाने एकदा चिकटली की सुटत नाहीत. परिचारिका ताईंनी रुग्णालयातून हातमोजे आणले होते आणि बुरशीचे खंड त्या स्वतः वेगळे काढत होत्या. वाहक काका खुर्चीवर बसून एकेक पान फुंकर घालून सोडवत होते. सहा दिवस हे चालले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढले तेव्हा आम्हाला कोणी बोलावण्याची गरज पडली नाही. ज्यांना आपण रिकामटेकडे म्हटले ते हे लोक आहेत.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार वाचनकक्षाविषयी आहे. अभ्यासिकेला माझा विरोध नाही. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या तालुक्यांतून मुले येथे येऊन खोल्या भाड्याने घेतात, एका खोलीत चौघे-पाच जण राहतात, त्यांना शांत जागा हवी आहे आणि ती आपण दिलीच पाहिजे. त्यांच्यापैकी एकाने एकदा शेजारी बसल्या बसल्या मला विचारले, "काका, तुम्ही कशाची तयारी करताय?" मी म्हणालो, "कशाचीच नाही, वाचतोय." त्याला ते उत्तर समजले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. पूर्वपरीक्षा झाल्यावर तोच मुलगा परत आला आणि "काहीतरी सुचवा, डोकं शिणलंय" म्हणाला. त्याने माझ्या नावावर दोन प्रवासवर्णने नेली आणि मुदतीत परत केली. त्याच्यात आणि माझ्यात भिंत घालावी असे त्याला किंवा मला कधी वाटले नाही. ती भिंत आपण घालत आहात. पहिल्या मजल्यावरचे सभागृह वर्षातले बरेच दिवस साड्यांच्या प्रदर्शनांना आणि बारशांना भाड्याने जाते. अभ्यासिका तेथे का होऊ शकत नाही, याचे उत्तर आम्हाला मिळालेले नाही.

दुसरी तक्रार वेळेची. अकरा ते चार ही वेळ नोकरदार, कामगार आणि शाळकरी मुले या तिघांनाही बाद करते. मंडळाने असे ठरवताना कोणाला विचारले, हे सूचनेत नाही. मुलांचे मला जास्त लागते, कारण बालविभागातली मुले शाळा सुटल्यावर येतात आणि ज्या मुलाच्या घरात एकही पुस्तक नाही त्याला दुसरे दार कोठले?

तिसरी तक्रार पुस्तके बाद करण्याविषयी आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. फाटलेली, वाळवी लागलेली, दुबार झालेली पुस्तके बाद करणे हे ग्रंथालयाचे नेहमीचेच काम आहे, ते मी जाणतो. पण येथे निकष फक्त ललित पुस्तकांना लावला आहे. जुन्या अभ्यासक्रमाचे परीक्षा मार्गदर्शक दोन-चार वर्षांत निरुपयोगी होते. कादंबरी होत नाही. तरीही मार्गदर्शके राहणार आणि कादंबऱ्या रद्दीच्या काट्यावर जाणार. शिवाय या पाच वर्षांच्या हिशोबात वाचनालय बंद राहिले ते दिवसही धरले आहेत. त्या काळात पुस्तके गेली नाहीत, कारण दारच बंद होते. आणि कक्षात बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद देवघेवीच्या वहीत होतच नाही. ज्या प्रती आता बाजारात मिळत नाहीत, ज्यांची पाने आम्ही एकेक करून वाळवली, त्या केवळ देवघेवीचा शिक्का नाही म्हणून जाणार असतील तर सभासद म्हणून मला ते मान्य नाही.

चौथी तक्रार ते वाक्य. त्याविषयी वर लिहिले आहे.

कोल्हापूरला हे शोभत नाही, असे मी केवळ भावनेने म्हणत नाही. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही ते सात वर्षांनी जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली याच कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली. त्याच अधिनियमाखाली अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि आपल्या वाचनालयाला शासकीय अनुदान मिळते. ते अनुदान सार्वजनिक ग्रंथालयासाठी आहे, आणि सार्वजनिक या शब्दात लेथवरचा कामगार आणि पिशवीत मेथीखाली पुस्तक नेणारी बाई दोघेही येतात. वि. स. खांडेकर १९३८ पासून या शहरात राहिले आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ त्यांच्यामुळे १९७४ साली मिळाले, याचा उल्लेख आपल्या प्रत्येक वार्षिक समारंभात होतो. त्यांचे लिहिणे ज्यांनी विकत घेऊन, उसने आणून, वर्गणी भरून वाचले, ते या शहराचे वाचकच होते. लेखकाचा अभिमान बाळगायचा आणि वाचकाला रिकामटेकडा म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एका संस्थेत एकत्र नांदू शकत नाहीत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

तळमजल्यावरचा मुक्त वाचनकक्ष आहे तेथे आणि विनाशुल्क चालू राहावा. अभ्यासिका पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात सुरू करावी आणि तिचे शुल्क खेड्यांतून आलेल्या मुलांना परवडेल इतकेच असावे. त्या मुलांना देवघेव विभागाचे सभासदत्व त्याच शुल्कात द्यावे.

देवघेव आठवड्यातून किमान पाच दिवस संध्याकाळी साडेआठपर्यंत सुरू राहावी. एकाच कर्मचाऱ्यावर भार पडतो ही आपली अडचण मला ठाऊक आहे. त्यासाठी आम्ही सहा सभासद पाळीपाळीने खिडकीवर बसण्यास तयार आहोत, तसे लेखी देतो.

बाद करावयाच्या पुस्तकांची यादी दाखल क्रमांकांसह साठ दिवस फलकावर लावावी, तिच्यावर हरकती घ्याव्यात, आणि अंतिम निर्णय ग्रंथपाल व दोन वाचक सभासद असलेल्या समितीने घ्यावा. तोपर्यंत एकही पुस्तक इमारतीबाहेर जाऊ नये.

या सर्वांवर चर्चेसाठी पहिल्या तारखेच्या आत सभासदांची विशेष सभा संध्याकाळच्या वेळी बोलवावी.

आणि ते वाक्य मागे घ्यावे. जाहीर माफी नको, कोणाचा राजीनामाही नको. ज्यांनी ते उच्चारले त्यांनी एका संध्याकाळी वाचनकक्षात येऊन तेथे बसलेल्यांना एवढेच सांगावे की आपण ते बोलायला नको होते. आम्ही आपल्याला भेटायला आलो त्या दिवशी वाहक काका आमच्याबरोबर होते. त्यांनी तेथे काही उत्तर दिले नाही, पण त्यानंतर चार दिवस ते आले नाहीत आणि पाचव्या दिवशी आले तेव्हा पंख्यापासून दूर, खिडकीजवळच्या बाकावर बसले. अजूनही तेथेच बसतात.

माझ्याकडे सध्या आपल्या वाचनालयाची दोन पुस्तके आहेत. त्यांची मुदत पुढच्या महिन्याच्या चार तारखेला संपते. त्या दिवशी कारखाना सुटल्यावर, हात धुऊन, साडेसहाच्या सुमारास ती परत करण्यासाठी मी खिडकीपाशी येईन. खिडकी उघडी असावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
१९८४ पासूनचा एक सभासद
कोल्हापूर